कोरड्या पाठीनं जोगिनीपर्यंत

ठाण्यात राहून बर्फात चालायची तयारी करता येते का, असं परत आल्यापासून ओळखीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं. करता येते. पाय ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरात तयार होतात, सामानही इथेच मिळतं. खरी मेहनत लागते ती एक जुनी सवय मोडायला. आपण कोकणपट्टीतली माणसं. डोंगर चढायचा म्हणजे घामानं निथळायचं, हे आपल्या अंगवळणी पडलेलं. पाठ भिजली नाही तर व्यायाम झाला असं वाटतही नाही. बर्फात नेमकं हेच चालत नाही. तिथे घाम येऊ द्यायचा नसतो. हे एक सूत्र धरून मी आणि माझी आत्या जानेवारीत मनालीजवळच्या वशिष्ठ गावातून जोगिनी धबधब्यापर्यंत बर्फातून चालत गेलो. सविस्तर लिहिते आहे, कारण आम्हाला हवी होती तेव्हा ही माहिती मराठीत एका जागी मिळाली नव्हती.

कल्पना आत्याची. ती नौपाड्यात राहते, शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली, वय साठीच्या पुढे. ऐंशीच्या दशकात माहुली, गोरखगड, हरिश्चंद्रगड असं पुष्कळ हिंडलेली आहे. तेव्हा मुलींनी डोंगरात मुक्कामाला जायचं म्हटलं की घरी आधी वाद व्हायचा, तो घालून ती गेलेली. आपल्याकडे धबधबा हा पावसाळ्याचा. खारघरचा पांडवकडा घ्या. जुलैत १०७ मीटरवरून कोसळतो, तिथे अनेकांचे जीव गेल्यामुळे पावसाळ्यात प्रवेशबंदी असते, आणि जानेवारीत त्याच कातळावर नुसता काळपट ओघळ उरतो. येऊरचे ओढेही दिवाळीनंतर आटत जातात. आत्याचं म्हणणं, "आटलेला धबधबा मी आयुष्यभर बघितला गं. गोठलेला एकदा बघू दे."

हिवाळ्यात हिमालय म्हटलं की लोक लगेच केदारकंठाचं नाव घेतात. तो ट्रेक साडेबारा हजार फुटांपर्यंत जातो आणि मुक्काम तंबूत. आत्याच्या गुडघ्यांना आणि माझ्या रजेला ते बसणारं नव्हतं. जोगिनीचं तसं नाही. मनाली २,०५० मीटरवर, वशिष्ठ ब्यास नदीच्या पलीकडे थोडं वर, आणि गावातून धबधब्यापर्यंतची वाट एका बाजूनं साधारण तीन किलोमीटर. उंचीचा त्रास सहसा अडीच हजार मीटरच्या वर जाणवू लागतो, त्यामुळे ती काळजी फारशी नाही. रात्री पक्क्या छपराखाली झोपायचं, सकाळी निघायचं, उजेड असेपर्यंत परत यायचं. उन्हाळ्यात याच वाटेवर पर्यटकांची रीघ असते. जानेवारीत ती बर्फाखाली जाते आणि सोपी वाट सोपी राहत नाही.

तयारी दिवाळी संपताच सुरू केली. मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेतून बेसिक कोर्स केलेली माझी एक मैत्रीण कळव्यात राहते. तिच्याकडे वेळापत्रक मागायला गेलो, तर तिनं एक परीक्षाच घालून दिली. उपवनपासून येऊरचा रस्ता चढायचा, पाठीवर वजन घ्यायचं, आणि वर पोचल्यावर सॅक उतरवून एकमेकींच्या पाठीवरून हात फिरवायचा. कपडा ओला लागला तर चाल चुकली. ठाण्याच्या दमट हवेत पाठ पूर्ण कोरडी राहणं डिसेंबरातही शक्य नाही, हे तिलाही माहीत होतं. पण जराशी ओलसर आणि पिळून काढावी इतकी ओली यात फरक आहे, आणि तो फरक वेगातून येतो. चढ लागला की आपण नकळत जोर लावतो. तो जोर लावायचा नाही, पावलं आखूड करायची, चढावरही सपाटीवरचाच श्वास ठेवायचा.

आत्यानं त्यासाठी स्वतःची युक्ती काढली. चढताना ती मोठ्यानं पाढे म्हणायची. एकोणतीसचा पाढा दम न लागता पूर्ण झाला तर वेग बरोबर. मध्येच श्वासासाठी थांबावं लागलं तर जास्त. पाढे संपले की पावकी, निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे जुने पाढे. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना तिची सवय होऊन गेली, आणि एक आजोबा तर तिला बघितलं की लांबूनच औटकीची, म्हणजे साडेतीनच्या पाढ्याची, सुरुवात करून द्यायचे. मी सुरुवातीला जरा संकोचले होते. पण ही युक्ती घड्याळातल्या नाडीच्या आकड्यांपेक्षा जास्त कामाची आहे, हे मी आज खात्रीनं सांगते. हातमोजे घातल्यावर घड्याळ बघणं होत नाही, पाढा कुठेही म्हणता येतो.

येऊरला जाणाऱ्यांना माहीत असेलच, तरी सांगते. ते जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडचा भाग आहे, बिबट्यांचं घर आहे. अंधारात जायचं नाही, वनखात्याच्या फाटकावर जे सांगतील ते ऐकायचं. आम्ही उजाडल्यावरच निघायचो. वर जाण्यापेक्षा खाली येण्यावर जास्त वेळ घालवायचो, कारण आत्याचे गुडघे उतारावर बोलतात. दोन्ही हातांत काठ्या, आधी काठी, मग पाऊल, आणि पाऊल टेकताना गुडघा किंचित वाकलेला. हे नुसतं सांगून येत नाही, अंगात मुरावं लागतं.

कपड्यांबद्दल जरा थांबून लिहिते, कारण घोळ इथेच होतो. थंडी म्हणजे जाड कपडे, एवढंच आपल्याला ठाऊक. बर्फात चालताना एक जाड कपडा काही कामाचा नाही, तीन पातळ थर लागतात. अंगालगत थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस म्हणजे मऊ कृत्रिम कापड, सगळ्यात वर वारा अडवणारं जाकीट. उभं राहिलं की घालायला पिसांचं फुगीर जाकीट सॅकमध्ये वेगळं. आणि सुती काहीही नाही. बनियन नाही, मोजे नाहीत, जीन्स तर नाहीच. आपल्या उन्हाळ्यात सुती कपडा घाम पिऊन धरून ठेवतो म्हणून तो सुखाचा. तिथे तेच त्याचं वाईट. पाणी हवेच्या तुलनेत साधारण २५ पट वेगानं अंगातली उष्णता ओढून नेतं. चालताना घामानं भिजलेला कपडा थांबल्याबरोबर अंगावर गार पडतो, आणि मग वर कितीही घाला, ऊब धरत नाही. सगळी गोष्ट पुन्हा घामापाशी येते ती अशी.

लोकरीचं काम आत्यानं स्वतःकडे घेतलं. दोघींच्या कानटोप्या आणि मोजे तिनं घरी विणले. बूट आम्ही घोट्याच्या वर येणारे, पाणी आत न घेणारे घेतले, तेही नेहमीपेक्षा एक नंबर मोठे. जाड मोज्यांनी बोटं आवळली गेली की रक्त नीट फिरत नाही आणि पाय गार पडतात. हे बूट घालून आत्या जांभळी नाक्याच्या मंडईत भाजी आणायला जायची. चामडं पायाला बसेपर्यंत, टाचेला कुठे घासतंय ते कळेपर्यंत, तिनं तो नेम सोडला नाही. बुटांवर चढवायचे मायक्रोस्पाइक ऑनलाइन मागवले. रबराच्या पट्ट्याला साखळ्या आणि त्यांना खाली लहान पोलादी दात, असं ते सोपं साधन. पोटरीवर बांधायचे गेटर मैत्रिणीकडून उसने घेतले, म्हणजे वरून बुटात बर्फ जात नाही. बोटं वेगळी असलेल्या हातमोज्यांवरून चार बोटं एकत्र राहतील असे मोठे हातमोजे घेतले. एकत्र असली की बोटं एकमेकींना ऊब देतात.

खाण्याचं आपल्या घरात आधीच ठरलेलं होतं. डिंकाचे लाडू, तिळगूळ, शेंगदाण्याची चिक्की. थोड्या जागेत भरपूर ताकद. एक गोष्ट मैत्रिणीनं सांगितली, ती लक्षात ठेवण्याजोगी. लाडू सॅकमध्ये ठेवायचे नाहीत, जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवायचे. तूप थिजून लाडू दगड होतो आणि दात लागत नाही. चिक्की तर बाहेरच्या खिशात ठेवूच नये. फोनही आतल्याच खिशात, कारण थंडीत बॅटरी झपाट्यानं उतरते.

प्रवासाचं फार सांगण्यासारखं नाही. कल्याणहून राजधानी, दिल्लीहून रात्रीची बस, सकाळी मनाली. संक्रांत नुकतीच झाली होती. आम्ही पोचायच्या आधी पश्चिमेकडून येणाऱ्या हिवाळी वादळांपैकी एक होऊन गेलं होतं आणि वशिष्ठच्या पाटीच्या दगडी छपरांवर ताजा बर्फ होता. त्या दिवशी आम्ही चालायला गेलो नाही, हे आधीपासून ठरवलेलं. ताजा बर्फ बसायला वेळ लागतो आणि आपलं अंगही त्या थंडीला सरावावं लागतं. गावच्या गल्ल्यांतच फिरलो. तिथली जुनी घरं बघण्यासारखी आहेत. दगडाचा एक थर, देवदाराच्या तुळईचा एक थर, पुन्हा दगड, पुन्हा तुळई, चुना-सिमेंट काही नाही. याला तिकडे काठकुणी म्हणतात. भूकंपाच्या प्रदेशात या भिंती थोड्या हलतात, पण सहज ढासळत नाहीत. गल्लीत पाण्याच्या नळाखाली काचेसारखा गुळगुळीत थर झालेला होता. त्यावर स्पाइक घालून आणि न घालता, दोन्ही प्रकारे भिंत धरून चालून बघितलं. फरक पायाला कळला, मग तो डोक्याला समजवावा लागला नाही.

वाटाड्या म्हणून गावातल्याच ओळखीतून एक तरुण मिळाला. वाट लहान आहे, पाऊलखुणा असतील, एकट्यानं जाता येईल, असं काहींनी सुचवलं. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. बर्फाखाली ओढा कुठे आहे, झुडपांवर नुसताच बर्फ कुठे तरंगतोय, हे बाहेरून आलेल्याला दिसत नाही. तो संध्याकाळी येऊन आमचे बूट हातात घेऊन बघून गेला. आत्याचे मोजे दाबून बघितले, लोकर आहे म्हणून खूश झाला. सकाळी साडेआठला येतो म्हणाला. पाणी भरपूर प्या, असंही सांगितलं. थंडीत तहान लागत नाही, पण कोरड्या हवेत प्रत्येक उच्छ्वासाबरोबर पाणी जात असतं. बायकांच्या मनात इथे एक प्रश्न येतो आणि मग त्या पाणी कमी पितात. तसं करू नका. निघताना घरून जाऊन या, बाकी वाटाड्याला मोकळेपणानं सांगा. आमच्याकडच्यानं एका बंद पडलेल्या चहाच्या टपरीमागची दाबलेली जागा दाखवली आणि स्वतः पुढे जाऊन उभा राहिला. प्रश्न तेवढाच होता.

सकाळी निघालो तेव्हा गावावर सावली होती. वशिष्ठ ब्यासच्या पूर्वेला, त्याच्या पाठीशी डोंगर, त्यामुळे ऊन उशिरा उतरतं. समोरच्या बाजूची शिखरं मात्र उजळलेली. आम्ही दोघी फुगीर जाकिटं घालून तयार, आणि वाटाड्यानं पहिलीच गोष्ट केली ती जाकिटं काढायला लावली. "माताजी, अभी ठंड लगनी चाहिए," तो आत्याला म्हणाला. चालायला सुरुवात करताना थोडं कुडकुडलं पाहिजे. दहा मिनिटांत शरीर तापतं, आणि तेव्हा अंगावर जास्त असेल तर घाम सुटतोच. आत्यानं माझ्याकडे बघितलं. कळव्याच्या मैत्रिणीनं अगदी हेच सांगितलेलं होतं. जाकिटं सॅकमध्ये गेली. सुरुवातीचा तो वेळ खरोखर बोचरा होता, नाकाच्या आत केस ताठ होताना जाणवत होते.

वशिष्ठच्या देवळामागून वाट गावाबाहेर पडते आणि सफरचंदाच्या बागांत शिरते. झाडं पूर्ण निष्पर्ण. एका बागेत दोघंजण शिडीवर चढून छाटणी करत होते, कापलेल्या डहाळ्या बर्फावर पडलेल्या. या थंडीवर त्यांचं पुढचं वर्ष अवलंबून असतं, असं वाटाड्यानं सांगितलं. सफरचंदाच्या जुन्या जातींना हिवाळ्यात सात अंशांखालचे हजारभर तास लागतात. ते मिळाले नाहीत तर वसंतात फुलोरा नीट येत नाही. हिवाळा कोरडा गेला की पर्यटकांचा हिरमोड होतो, पण इथल्या माणसाच्या पोटालाच चिमटा बसतो. कोकणात आंब्याच्या मोहोरासाठी थंडीची वाट बघणारे आपले लोक आठवले. आत्या छाटणीवाल्यांशी मोडक्या हिंदीत बराच वेळ बोलत राहिली, शेवटी वाटाड्यानंच तिला हलवलं. थांबल्यानं अंग गार पडायला लागलं होतं.

बागा संपल्या तिथे स्पाइक चढवले. चढ सुरू व्हायच्या आधी, सपाटीवर, बसून. उतारावर एका पायावर उभं राहून हे करू नये. त्यानंतर चालण्याची पद्धत बदलते. पावलं जराशी फाकवून टाकायची, नाहीतर एका पायाचे दात दुसऱ्या पायाच्या गेटरमध्ये अडकतात. टाच आधी टेकवून चवडा फिरवायचा नाही, सगळा तळवा एकदम टेकवायचा, म्हणजे सगळे दात एकाच वेळी रुततात. वाटाड्या पुढे, त्याच्या पावलांच्या खळग्यांत आत्या, तिच्या मागे मी. रात्री गोठलेली वरची पातळ पापडी पायाखाली कुरडई मोडावी तशी मोडायची आणि खाली भुसभुशीत बर्फ लागायचा. आत्यानं पाढे सुरू केले. तेरा, सतरा, एकोणीस. चढ वाढला तेव्हा एकोणतीसवर आली आणि तो पूर्ण झाला. तिथे मला वाटलं, येऊरची सगळी सकाळ वसूल झाली.

मग जंगल. देवदार आणि कैल, म्हणजे निळसर पानांचा पाईन. खाली अक्रोडाची झाडं, तीही उघडी. देवदाराची फांदी आडवी, पसरट असते, त्यामुळे तिच्यावर बर्फ साठतो आणि ओझं झालं की एकदम खाली घसरतो. म्हणून भरलेल्या फांदीखाली थांबायचं नाही. आमच्या डावीकडे एका झाडानं असं ओझं टाकलं, धप्प आवाज झाला आणि बर्फाची पूड हवेत बराच वेळ तरंगत राहिली. बुंध्याभोवती बर्फ कमी असतो, खळगा तयार झालेला असतो, त्याच्या काठावर पाय देऊ नका असं वाटाड्यानं सांगितलं. काठ पोकळ असतो. ताज्या बर्फात बहुतांश हवाच असते, आणि ती आवाज शोषून घेते. त्यामुळे चारच पावलं पुढे असलेल्या आत्याचे पाढे मला दबके ऐकू येत होते.

तिथे एका वळणावरून ब्यासच्या पलीकडचं गोशाल गाव दिसतं. वाटाड्या तिथे उभा राहिला आणि त्यानं जे सांगितलं ते ऐकून आम्ही दोघी हरखलो. मकरसंक्रांतीपासून ४२ दिवस गोशालमध्ये आणि आसपासच्या काही गावांत मोठा आवाज करत नाहीत. टीव्ही नाही, शेतीची कामं नाहीत, देवळातली घंटाही वाजत नाही. गावचे देव या काळात स्वर्गात गेलेले असतात, ध्यानात असतात, त्यांना त्रास होऊ नये ही श्रद्धा. देव जाताना देवळात मातीचा लेप देतात. मुदत संपली की तो उघडतात, आणि त्यात जे सापडेल त्यावरून वर्षाचा अंदाज घेतात. फूल निघालं तर शुभ, कोळसा निघाला तर आगीची भीती. आपल्याकडे त्याच संक्रांतीला गोड बोलायचं, इथे त्या दिवसापासून हळू बोलायचं. आत्यानं नदीपलीकडे बघून हात जोडले आणि पुढचे पाढे मनातल्या मनात म्हटले. तिला कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही होतो त्या बाजूला तसा नियमही नव्हता.

त्यापुढच्या चढावर मी फ्लीसची चेन गळ्यापासून छातीपर्यंत उघडली, टोपी काढून खिशात घातली. गरम वाटायला लागलं की थांबायचं नाही, आधी टोपी, मग हातमोजे, मग चेन, असं चालता चालता एकेक सोडायचं. आणि विसाव्याला थांबलो की उलट. सॅक खाली ठेवायच्या आधी पिसांचं जाकीट बाहेर. थंडी वाजल्यावर घातलं तर उशीर झालेला असतो. हे काढणं-घालणं कंटाळवाणं आहे आणि तेच खरं काम आहे.

धबधब्याचा आवाज अपेक्षेपेक्षा उशिरा आला, आणि तो कोसळण्याचा नव्हता. कुठेतरी आत, भिंतीपलीकडे पाणी चाललंय असा पोकळ आवाज. मग झाडं विरळ झाली आणि जोगिनी समोर आली. साधारण दीडशे फुटांचा कडा. दोन्ही कडांना बर्फाचे जाड स्तंभ कातळाला चिकटलेले, त्यांना वरून खाली असंख्य सुळके, आणि मधोमध पाण्याची एक अरुंद धार अजून वाहती. पूर्ण गोठलेला नव्हता. आत्या बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "मध्ये वेग जास्त आहे गं. तिथल्या पाण्याला गोठायला फुरसतच मिळत नाही. कडेचं पाणी पातळ, हळू, ते आधी थांबलं." अगदी बरोबर. कडेच्या बर्फातही सगळीकडे सारखा रंग नव्हता. जिथे हवेचे बुडबुडे अडकले तिथे पांढरा, जिथे थर घट्ट तिथे निळसर, आणि एका ठिकाणी बर्फ इतका पातळ की त्याच्यामागे काळं पाणी सरकताना दिसत होतं.

मला सगळ्यात जास्त वेळ धरून ठेवलं ते पायाशी असलेल्या गवतानं. डोहाच्या काठी वाळलेल्या गवताच्या काड्या उभ्या होत्या. तुषार उडून उडून प्रत्येक काडीवर बर्फाचा गोळा झालेला, मण्यावर मणी. नीट बघितलं तर धबधब्याकडच्या बाजूला तो जाड आणि आमच्या बाजूला काडी जवळजवळ उघडी. वारा कुठून येतो, तुषार किती लांब पोचतात, सगळं त्या काडीवर वाचता येत होतं. आत्यानं खाली वाकून दोन काड्यांची जाडी बोटांनी मोजली. तेवढ्यात वाटाड्यानं पाण्याकडे हात केला. एक तपकिरी, गोलमटोल पक्षी, चिमणीहून बराच मोठा, बर्फाच्या काठावरून सरळ पाण्यात शिरला. बुडी मारून खालच्या दगडांमधून अळ्या टिपून वर आला, अंग झटकलं, पुन्हा आत. ब्राउन डिपर. हिवाळ्यात वाहत्या पाण्याजवळच तो जगतो, कारण तळाला अन्न असतं आणि वाहतं पाणी गोठत नाही.

जोगिनीदेवीचं छोटं देऊळ तिथेच आहे, बर्फात अर्धं झाकलेलं. पाणी देवीचं, त्यात थुंकायचं नाही, काही टाकायचं नाही, हा गावचा नियम. आम्ही बाहेरूनच नमस्कार केला. वाटाड्यानं आम्हाला कड्याच्या तळाशी मात्र जाऊ दिलं नाही. वर बघा म्हणाला. उन्हाची रेघ कड्याच्या माथ्यावर आली होती आणि खाली सरकत होती. रात्रभर कातळाला धरून असलेले सुळके ऊन लागलं की सुटतात. हे तो सांगत असतानाच वरून एक तुटला आणि आम्ही जिथे फोटो काढायला जाणार होतो त्याच्या जरा पलीकडे फुटून विखुरला. आवाज दगडाचा होता. हिवाळ्यात जोगिनीला जाणाऱ्यांनी ही एक गोष्ट ध्यानात ठेवावीच. ऊन कड्यावर येईपर्यंत बघून घ्यायचं, आणि बघायचं ते लांबून. वरच्या टप्प्याकडे जाणारी खडी वाट आम्ही विचारातही घेतली नव्हती, ती हिवाळ्यात दोर आणि सरावाशिवाय जायची नाही.

थर्मासमधलं गरम पाणी प्यायलो, खिशातले लाडू खाल्ले. वाटाड्याला तिळगूळ दिला. त्याला डिंकाचा लाडू जास्त आवडला. फोटोसाठी मी मोठे हातमोजे काढले, तेवढ्यात बोटांची टोकं बधिर व्हायला लागली, मग काखेत धरून ती परत आणली. आणि निघायच्या आधी आम्ही दोघींनी येऊरचीच परीक्षा घेतली. तिनं माझ्या पाठीवर, थर्मलच्या आत, हात घातला. गार हात लागल्यानं मी ओरडले, पण पाठ कोरडी होती. तिचीही.

परतीची वाट जास्त कठीण होती. ऊन खाली उतरलं, बर्फ मऊ पडला, स्पाइकच्या दातांत गोळे अडकू लागले. दात झाकले गेले की स्पाइकचा उपयोग संपतो, म्हणून दर काही पावलांनी बुटावर काठी आपटून बर्फ झाडायचा. उतारावर टाच जोरात रोवायची, गुडघा वाकलेला ठेवायचा. आत्याच्या उजव्या गुडघ्यानं कुरबुर केली, तिथे ती बाजूला वळून आडवी उतरली, सावकाश. बागांपाशी आलो तेव्हा वाट ओली झाली होती. संध्याकाळी तीच गोठून निसरडी होते, म्हणून दुपारी दोनच्या आत गावात असणं बरं. तिथे जानेवारीत सूर्य साडेपाच-पावणेसहाच्या सुमारास मावळतो, पण दरीत सावली त्याच्या बऱ्याच आधी शिरते.

वशिष्ठच्या देवळाशी गरम पाण्याचे झरे आहेत, बायकांचं कुंड वेगळं. गंधकाचा वास येतो, पाणी चांगलंच कढत. आत्या त्यात गळ्यापर्यंत बसून शेजारच्या बायकांना लोकरीचे टाके समजावत होती. नंतर मुक्कामाच्या घरी सिड्डू खाल्ले. आंबवलेल्या कणकेत अक्रोड-खसखशीचं सारण भरून वाफवतात, वर तुपाची धार. घरमालकिणीनं आमचे बूट शेकोटीपासून मुद्दाम लांब ठेवले आणि आत वर्तमानपत्र कोंबलं. तापवले तर तळवा सुटतो, कागद ओल ओढून घेतो.

जाणाऱ्यांसाठी एवढंच अजून. जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा मध्य या काळात तिथे बर्फ मिळण्याची शक्यता चांगली असते. निघण्याआधी हवामान खात्याचा हिमाचलचा अंदाज रोज बघा, आणि परतीचं तिकीट काढताना एखादा दिवस मोकळा ठेवा, कारण बर्फ पडत असेल तर त्या दिवशी चालायचं नसतं. मायक्रोस्पाइक आणि काठ्या सध्या आत्याच्या कोपरीच्या मैत्रिणीकडे आहेत. तिची येऊरला पाढ्यांची तयारी चालू आहे, पण ती तेविसाच्या पाढ्यावर अडकते, म्हणून आत्या सकाळी तिच्याबरोबर जाते.